बाबासाहेबांची आर्थिक वाट : एका गिरणी कामगाराच्या नजरेतून

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, दोन-चार पाने लिहून द्या, असे कार्यकारिणीच्या मंडळींनी सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले. आम्ही काही लेखक नव्हे. दहावीला गणिताने दगा दिला आणि आम्ही गिरणीत बदली म्हणून लागलो. पुढचे शिक्षण म्हणाल तर ते पाळी सुटल्यावर वाचनालयात झाले. पण गेल्या पावसाळ्यात रविवारच्या वंदनेनंतर अभ्यासवर्गात एका मुलाने प्रश्न विचारला आणि तो आमच्या डोक्यातून काही जाईना. हा मुलगा गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये कंत्राटी कामाला आहे. त्याचा प्रश्न असा, की भांडवलशाही आणि समाजवाद एका समाजात एकत्र नांदू शकतात का, की त्यातलं एकच काय ते खरं? वर्गात गलका झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दुसरे म्हणाले, आपल्या देशात राहिल्याच की चाळीस वर्षे.

आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. घरी येऊन परमपूज्य बाबासाहेबांचे ग्रंथ पुन्हा काढले. या प्रश्नाशी झुंजण्यात बाबासाहेबांचे निम्मे आयुष्य गेले आहे, आणि जयंतीच्या भाषणात नेमके तेवढेच राहून जाते. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही या एका बाजूने सांगणार आहोत. बाकीचे चरित्र वाचकांना पाठ आहे.

१४ एप्रिल १८९१ ला महूला जन्म, सुभेदार रामजींचे चौदावे अपत्य, हे सर्वांना माहीत आहे. पण हा मुलगा वाढला तो गिरणगावात, हे ध्यानात घ्यावे. सुभेदार मुंबईला आले ते लोअर परळच्या दाबक चाळीत राहिले. पुढे परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्या मिळाल्या आणि बाबासाहेब तेथे साधारण वीस-बावीस वर्षे राहिले. पहाटेचा भोंगा, पाळीवर पळणारी माणसं, पगाराच्या दिवशी दारात उभा राहिलेला पठाण, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नाही, जिन्यावर उभे राहून पाहिलेले आहे. इतर मोठे अर्थशास्त्रज्ञ आणि बाबासाहेब यांत हा एक फरक आम्हाला कायम जाणवतो.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकले. अमेरिका म्हणजे भांडवलशाहीचे माहेरघर. तेथून १९१६ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. ही संस्था १८९५ साली सिडनी आणि बिअ‍ॅट्रिस वेब वगैरे फेबियन समाजवाद्यांनी काढलेली. फेबियन म्हणजे काय तर क्रांतीचा बार न उडवता मतपेटी आणि कायदा यांच्या वाटेने समाजवाद आणू म्हणणारे. म्हणजे दोन्ही घरचे पाणी त्यांनी विद्यार्थीदशेतच चाखले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अर्धवट परतावे लागले, सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, १९२० ला पुन्हा गेले आणि १९२३ पर्यंत डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी दोन्ही पदरात घेऊन आले.

या काळातला त्यांचा १९१८ चा एक निबंध आहे, शेतीच्या लहान तुकड्यांवर. त्या वेळी सगळे म्हणत होते की शेताचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब आहे, तुकडे जोडा. बाबासाहेबांनी हिशेब मांडून दाखवले की रोग तुकड्यांत नाही. जमिनीवर पोसली जाणारी तोंडे जास्त आहेत आणि अवजारे-भांडवल कमी आहे. ही जास्तीची माणसे दुसऱ्या कामाला लागली पाहिजेत, म्हणून कारखानदारी वाढली पाहिजे. तेव्हा बाबासाहेब कारखान्याचे वैरी कधीच नव्हते. यंत्र नको, चरखा बरा, हा विचार त्यांनी जन्मात मानला नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ घ्या. तो आम्ही तीनदा वाचायला घेतला आणि तिन्ही वेळा मध्येच अडकलो, हे कबूल करतो. पण त्यातली एक गोष्ट कामगाराला पटकन समजते. रुपया घसरला की भाव चढतात, मजुरी मात्र मागून लंगडत येते, आणि मधल्या मध्ये व्यापाऱ्याचा जो फायदा होतो तो मजुराच्या ताटातला असतो.

आता गिरणीकडे येऊ. आमचे आजोबा रिंगखात्यात होते. ते सांगायचे की साच्याखात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाने दारातून नुसते डोकवायचे. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी भरून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसरा तोंड लावणार, म्हणजे विटाळ! वाफेवर आणि विजेवर चालणारी गिरणी, विलायतेहून आणलेली यंत्रे, नफ्याचा हिशेब पैचा, आणि आत विटाळ मात्र गावकुसाचा. भांडवलशाही जात मोडते, असे पुस्तकात लिहिलेले असते. आमच्या साच्याखात्यात तिने ती मोडली नाही, उलट तेल घालून चालू ठेवली.

१९२८ साली एप्रिलपासून सहा महिने मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. पुढारी कम्युनिस्ट होते. बाबासाहेबांनी त्यांच्यापुढे विषय ठेवला की मागण्यांच्या यादीत विणाई खाते सर्वांना खुले करण्याची मागणी घाला. पुढाऱ्यांची फारशी इच्छा नव्हती. नाही घातली तर आमचे लोक संपात राहणार नाहीत, असा इशारा दिल्यावर ती घातली गेली. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही. दोघांचेही म्हणणे एका परीने खरेच होते, आणि त्यातच आमच्या आजोबांचे साच्याखाते राहिले ते राहिलेच.

पुढच्याच वर्षी, १९२९ ला, पुन्हा संप पुकारला गेला तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या माणसांना कामावर जा म्हणून सांगितले. त्यावरून आजही काही लोक त्यांना बोल लावतात. आम्ही स्वतः युनियनचे काम केलेले आहे, संप फोडणाऱ्याबद्दल आमच्या मनात काय असते ते सांगायला नको. तरीपण या बाबतीत आम्हाला बाबासाहेबांचा राग येत नाही. सहा महिन्यांच्या संपाने आधीच कंबर मोडलेली, भांडी गहाण पडलेली, व्याजाचा डोंगर झालेला, आणि ज्या माणसाला संप जिंकूनही साच्याखात्यात पाऊल टाकता येणार नाही, त्याने दुसऱ्यांदा उपाशी कशासाठी मरायचे? आमच्या वडिलांनी १८ जानेवारी १९८२ चा संप केला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. चूल कशी थंड होते ते आम्ही पाहिले आहे, म्हणून १९२९ चा तो सल्ला आम्हाला समजतो.

१९३६ हे साल या गोष्टीत फार महत्त्वाचे. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेले आणि न झालेले जातिनिर्मूलनाचे भाषण त्या वर्षी छापून आले. त्यात त्यांनी समाजवाद्यांना हटकले आहे. तुम्ही म्हणता आधी मालमत्ता समान करू, बाकी सारे आपोआप येईल. पण जात ही कामाची वाटणी नुसती नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांचीच फाळणी आहे. क्रांती झाल्यावर आपल्याला बरोबरीने वागवतील याची खात्री असल्याशिवाय कोणता कामगार क्रांतीला येईल? हा त्यांचा सवाल. आम्ही म्हणतो, याचे उत्तर अजून कोणी नीट दिलेले नाही.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी पक्ष काढला तो जातीच्या नावाने नव्हे. स्वतंत्र मजूर पक्ष. जाहीरनाम्यात स्पष्ट होते की जनतेच्या हितासाठी जेथे गरज असेल तेथे उद्योग सरकारने चालवावेत, सरकारच्या मालकीचे करावेत. गरज असेल तेथे, हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. सगळेच उद्योग असे त्यांनी म्हटले नाही. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे बहुतेक उमेदवार मुंबई कायदेमंडळात निवडून आले. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. गिरणगावातला निम्मा माणूस कोकणचा. तो गावी खोताचे कूळ आणि मुंबईत मालकाचा हात. दोन्हीकडून पिळला जाणारा माणूस एकच होता, हे ओळखणारा पुढारी तोवर झाला नव्हता. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या आणि इतर ठिकाणच्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्यात कम्युनिस्टही होते. ते विधेयक काही पास झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

महिन्याभराने, फेब्रुवारी १९३८ ला, मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तेथे त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसे नव्हेत. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही तेव्हाच केला. उदाहरणही रेल्वेचेच दिले. आपला माणूस रुळावर गँगमन होतो, पण पोर्टर होत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात. कम्युनिस्ट एका शत्रूशी लढत होते, समाजसुधारक दुसऱ्याशी. बाबासाहेबांनी दोघांशी एकाच वेळी लढायचे ठरवले आणि म्हणून दोन्हीकडच्यांना ते आपले वाटले नाहीत. त्याच साली संपावर बंधने आणणारे औद्योगिक कलहाचे विधेयक आले. तेव्हा १९२९ चे वैर बाजूला ठेवून बाबासाहेब, जमनादास मेहता आणि कॉम्रेड डांगे एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. कामगार मैदानावर मोठी सभा झाली. आमच्या आजोबांना ती सभा मरेपर्यंत आठवत होती.

१९४२ च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत होते. येथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे स्टेजवरून वाटेल ते सांगितले जाते. चौदा तासांचे आठ तास बाबासाहेबांनी एका रात्रीत केले, असे आम्ही कितीतरी वक्त्यांच्या तोंडून ऐकले. तसे नाही. १९३४ च्या कायद्याने आठवड्याचे ५४ तास झालेच होते. १९४६ च्या दुरुस्तीने बाबासाहेबांनी ते ४८ वर आणले. सहा दिवसांचे आठ-आठ तास. खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे, तिला फुगवायची गरज नाही. मालक, सरकार आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसायचे, ही त्रिपक्षीय परिषदेची पद्धत १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली सुरू झाली. तोवर कामगार दरवाजाबाहेर उभा राहून अर्ज देत असे. नोकरीची सरकारी नावनोंदणी केंद्रे आणि कोळसा खाण कामगारांचा कल्याण निधी, ही कामेही त्यांच्याच कारकिर्दीतली.

दामोदर नदीचे काम तर आमच्या विषयाला अगदी जवळचे. १९४३ ला बंगालात दामोदरला महापूर आला. नदी बांधायची, पाणी शेतीला द्यायचे, वीज काढायची, असा एकत्र आराखडा मजूर खात्याने हाती घेतला. नमुना कोणाचा घेतला? रशियाचा नव्हे, अमेरिकेचा! भांडवलशाहीच्या त्या माहेरघरात १९३३ साली टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी सरकारी मालकीचे प्राधिकरण निघाले होते. म्हणजे जेथे मालकांचे राज्य, तेथेही नदी आणि वीज सरकारने हातात घेतली होती. दामोदर खोरे महामंडळ १९४८ च्या कायद्याने उभे राहिले. अभ्यासवर्गातल्या त्या मुलाला आमचे पहिले उत्तर हेच, की एकत्र नांदण्याचे नमुने बाबासाहेबांनी डोळ्यांनी पाहिलेले होते.

पण पूर्ण उत्तर त्यांनी दिले ते मार्च १९४७ मध्ये. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीला एक निवेदन दिले. त्याचे नाव राज्ये आणि अल्पसंख्याक. पुस्तक पातळ आहे. आमच्या मते प्रत्येक कामगाराने ते घरात ठेवावे.

त्यात काय आहे ते साध्या भाषेत सांगतो. जे उद्योग कळीचे, ज्यांच्यावर बाकी सारे उद्योग अवलंबून, ते सरकारच्या मालकीचे आणि सरकारने चालवायचे. जे पायाभूत, ते सरकारने किंवा सरकारने काढलेल्या महामंडळांनी चालवायचे. विमा फक्त सरकारचा, आणि प्रत्येक सज्ञान नागरिकाने आपल्या कमाईच्या मानाने विमा उतरवलाच पाहिजे. शेती हा सरकारी उद्योग. जमीनदाराकडून, कुळाकडून, सावकाराकडून जमीन घ्यायची, पण फुकट नाही. किमतीचे रोखे द्यायचे. रोखा वारसाला देता येईल, विकता येईल, मात्र रोख्यावरून जमीन परत मागता येणार नाही. मग ठराविक आकाराची शेते पाडून गावकऱ्यांना जातपात न बघता कसायला द्यायची, ती त्यांनी सामुदायिक पद्धतीने कसायची, आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे यांना पैसा सरकारने पुरवायचा. गावात कोणी जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको. हे सारे घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत.

आणि उरलेले? उरलेले धंदे खासगी माणसाला मोकळे. खासगी धंद्याची सगळी दारे बंद करण्याचा आपला इरादा नाही, असा खुलासा त्यांनी स्वतःच त्यात केला आहे. म्हणजे म्यानात दोन तलवारी ठेवल्याच, पण मोठी कोणाच्या हातात आणि लहान कोणाच्या, हे आधी ठरवून.

याच्यामागचा त्यांचा युक्तिवाद आम्हाला सर्वात जास्त भिडतो. लोक म्हणतात सरकारचे नियंत्रण नको, म्हणजे स्वातंत्र्य येईल. बाबासाहेब विचारतात, कोणाचे स्वातंत्र्य? जमीनदाराला खंड वाढवायचे, मालकाला तास वाढवून मजुरी कापायचे. सरकार बाजूला झाले की जागा रिकामी राहत नाही, तेथे मालकाची हुकूमशाही येऊन बसते. बेकार माणसाचे उदाहरण त्यांनी दिले आहे. त्याच्यापुढे एक नोकरी ठेवा, जिला तास ठरलेले नाहीत, युनियनमध्ये जायला बंदी आहे. तो काय करील? उपाशी पोराबाळांकडे बघेल आणि आपले मूलभूत हक्क सोडून नोकरी धरेल. हे वाचताना आम्हाला गेटवर बदलीसाठी उभ्या राहिलेल्या आमच्या सकाळी आठवल्या. आणि तो मॉलमधला मुलगा आठवला, ज्याचा कागद अकरा महिन्यांनी संपतो.

पण मग रशियासारखे का करू नये? तर तेथे समाजवाद टिकवायला हुकूमशाही लागते आणि माणसाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा बळी जातो, ते बाबासाहेबांना मान्य नव्हते. उलट नुसत्या संसदेवर सोडले तर आज एक बहुमत कारखाना सरकारी करील, उद्या दुसरे बहुमत परत मालकाला देईल. म्हणून त्यांनी तिसरी युक्ती काढली. संसदीय लोकशाही ठेवायची, हुकूमशहा नको, पण आर्थिक रचना घटनेच्या कलमातच लिहून टाकायची, की ती येरागबाळ्या बहुमताला हलवता येऊ नये. जगात अशी मांडणी त्याआधी कोणी इतकी नेमकी केली असेल असे आम्हाला वाटत नाही. आमचे वाचन तोकडे आहे, हेही सांगून ठेवतो.

आता अडचणीचा भाग. तो टाळून पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही.

१७ डिसेंबर १९४६ ला घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी तक्रार केली होती की नेहरूंच्या उद्दिष्टांच्या ठरावात उद्योग आणि जमीन यांच्या राष्ट्रीयीकरणाचा स्पष्ट उल्लेख नाही. मार्च १९४७ ला वरील निवेदन दिले. आणि १५ नोव्हेंबर १९४८ ला, प्राध्यापक के. टी. शहा यांनी घटनेच्या पहिल्याच कलमात समाजवादी हा शब्द घालण्याची दुरुस्ती आणली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून तिला विरोध केला तो बाबासाहेबांनीच! समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचे, घटनेने त्यांचे हात बांधणे लोकशाहीला धरून नाही, उद्या लोकांना समाजवादाहून चांगले काही सुचू शकेल, असे त्यांचे म्हणणे. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादाचा आशय आलेलाच आहे, मग शब्द कशाला.

दीड वर्षात हे काय झाले? आम्ही यावर खूप डोके घासले. एक उत्तर असे देतात की १९४७ ला ते फेडरेशनचे पुढारी म्हणून बोलत होते, आणि १९४८ ला सगळ्या सभागृहाचा मसुदा सांभाळत होते. बहुमत काँग्रेसचे, त्यात जमीनदार आणि गिरणीमालकांचे मित्र भरपूर. जे पास होणार नाही ते कलमात घालण्यापेक्षा मार्गदर्शक तत्त्वांत बी पेरून ठेवले. हे उत्तर बहुतांशी बरोबर असावे. तरी आमचे पूर्ण समाधान होत नाही. कारण मार्गदर्शक तत्त्वांसाठी कोर्टात जाता येत नाही, आणि घटनेतच कुलूप लावा असे सांगणारे तेच होते. बाबासाहेबांवर श्रद्धा आहे म्हणून हा प्रश्न झाकून ठेवावा, असे आम्हाला वाटत नाही. त्यांनी स्वतः बुद्धाचे वचनसुद्धा तपासून घ्यायला सांगितले.

त्यांनाही हे मनात खात असावे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी देशाला बजावले की २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकतो आहोत. राजकारणात एक माणूस एक मत, आणि समाजात व अर्थव्यवहारात मात्र विषमता. ही विसंगती लवकर काढली नाही तर ज्यांना ती सोसावी लागते ते लोकशाहीचा हा डोलाराच उधळून लावतील.

२७ सप्टेंबर १९५१ ला हिंदू कोड बिलावरून आणि इतर कारणांनी मंत्रिपदाचा राजीनामा. त्याच वेळच्या फेडरेशनच्या जाहीरनाम्यात सूर थोडा बदललेला दिसतो. पक्ष कोणत्याही एका वादाला बांधलेला नाही. जेथे सरकारी उद्योग शक्य आणि आवश्यक तेथे सरकारी, जेथे खासगी चालू शकतो आणि सरकारीची गरज नाही तेथे खासगी. विमा मात्र सरकारीच पाहिजे, तेथे तडजोड नाही. १९५२ च्या निवडणुकीत समाजवादी पक्षाशी युती करून ते उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसच्या काजरोळकरांकडून पडले. ज्या गिरणगावात ते वाढले त्याच मुंबईने त्यांना पाडले. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक, तेथेही हार. बरोबरचे समाजवादी अशोक मेहता मात्र निवडून आले. विम्याचे तेवढे त्यांच्या हयातीत झाले. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला आणि १ सप्टेंबरला महामंडळ सुरू झाले. (२०२२ साली त्याचे शेअर बाजारात आले तेव्हा आमच्या चाळीतल्या दोघांनी घेतले. समाजवाद आणि भांडवलशाही एकाच घरात असे म्हणायला हरकत नाही!)

पुढे देशात जे झाले त्याला मिश्र अर्थव्यवस्था म्हणतात. पण बाबासाहेबांची वाटणी आणि ही वाटणी एक नव्हे. आमच्या गिरण्यांचेच बघा. १९७४ ला आणि नंतर १९८३ ला सरकारने गिरण्या घेतल्या, त्या कोणत्या? आजारी. मालकाने रस काढून घेतलेल्या, यंत्रे जुनाट झालेल्या, देणी थकलेल्या. नफ्याची गिरणी मालकाची आणि तोट्याची गिरणी सरकारची, हे असले सहजीवन बाबासाहेबांनी सांगितलेले नव्हते. त्यांनी कळीचा उद्योग घ्या म्हटले होते. आम्ही अशाच एका सरकारी गिरणीत तीस वर्षे काढली. २०२० च्या टाळेबंदीत तिचे चाक थांबले ते पुन्हा फिरले नाही.

जमिनीचेही तेच. १९९१ च्या नियमात गिरणीची जमीन विकसित करताना तीन वाटे सांगितले होते, एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ ला नियम बदलला आणि वाटे फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेचे राहिले, इमारतींखालची जागा सुटली. बहुमत बदलले की रचना बदलते, हे बाबासाहेबांनी १९४७ ला सांगितले होते ते असे. समाजवादी हा शब्द १९७६ च्या दुरुस्तीने उद्देशिकेत आला. तो काढून टाका म्हणणाऱ्यांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळले, तारीख नेमकी २५ नोव्हेंबर. त्याच महिन्याच्या ५ तारखेला नऊ न्यायाधीशांनी मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मालकांच्या खटल्यात असेही ठरवले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती होत नाही. म्हणजे शब्द राहिला, आणि शब्दाचा आवाका आखडला. मालकांचेही काही म्हणणे असते, एखाद्या विधवेची दोन खोल्यांची मालकी आणि शंभर एकरांची गिरणी सारखी धरता येत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण फरक नेमका कुठे करायचा, ते १९४७ च्या त्या निवेदनात आहे.

शेवटच्या दोन महिन्यांतही बाबासाहेब या प्रश्नाशीच होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. प्रकृती पार ढासळलेली असताना नोव्हेंबरात ते काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि २० तारखेला बोलले ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर. दुःख आहे, पिळवणूक आहे, ती गेली पाहिजे, येथवर दोघे एक. मार्ग वेगळे. मार्क्सच्या वाटेला बळजबरी लागते आणि बळ सरले की रचना टिकेल याची हमी नाही. बुद्धाची वाट माणसाचे मन बदलण्याची.

याच विषयावरच्या त्यांच्या लिखाणात संघाचे उदाहरण आहे. भिक्खूला खासगी मालमत्ता नाही. तीन चीवरे, कमरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचे गाळणे, एवढ्या आठच वस्तू. आणि त्याच समाजात अनाथपिंडिक हा श्रेष्ठी उपासक होता, ज्याने जेतवन विकत घेऊन संघाला दिले. बुद्धाने त्याला संपत्ती टाकून दे असे सांगितले नाही; न्यायाने मिळव आणि तिचा गुलाम होऊ नको, असे शिकवले. एका बाजूला मालमत्ता नसलेला संघ, दुसऱ्या बाजूला व्यापार करणारा गृहस्थ, आणि दोघे एकाच धम्मात, अडीच हजार वर्षांपूर्वी. संघात मात्र कोणी बळजबरीने आलेला नव्हता.

काठमांडूहून परतल्यावर ते फार दिवस राहिले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. बुद्ध की कार्ल मार्क्स हे हस्तलिखित तसेच मागे राहिले. महाराष्ट्र शासनाने ते १९८७ साली समग्र वाङ्मयाच्या तिसऱ्या खंडात छापले. राज्ये आणि अल्पसंख्याक १९७९ च्या पहिल्या खंडात आहे. दोन्ही खंड आम्ही पहिल्या बोनसमधून चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारातून आणले होते आणि ते विहाराच्या कपाटात दिलेले आहेत. पहिला खंड सध्या कोणीतरी घरी नेलेला आहे, चार महिने झाले. ज्यांच्याकडे असेल त्यांनी पौर्णिमेपर्यंत आणून द्यावा, कारण त्या मुलाला आम्ही तो वाचायला देतो म्हणून कबूल केले आहे.